आठ क्लब आणि एक डावा पाय: सोलापूरच्या एका फिरत्या फुटबॉलपटूचं प्रकरण

वय ३१. जागा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू. व्यावसायिक करार आठ क्लबांशी, सहा राज्यांत. एकाच क्लबात सलग दोन हंगाम काढले असं फक्त एकदा घडलं. बँकेत घर चार महिने चालेल एवढी शिल्लक, मुलगी बालवाडीत आणि समोर तीन प्रस्ताव. मे २०२४ मध्ये हा खेळाडू माझ्या ऑफिसात येऊन बसला, तेव्हाची ही परिस्थिती.

मी सोलापुरात कर सल्लागार आहे. त्याचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादर-टॉवेल कारखान्यात जॉबर होते. त्या कारखान्याचे हिशेब माझ्याकडे असतात, त्या ओळखीनं तो आला. आला होता टीडीएसच्या, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या कराच्या, एका शंकेसाठी, पण त्याची प्लॅस्टिकची फाईल टेबलावर रिकामी केली आणि सबंध कारकीर्दच समोर पसरली. त्याचं नाव आणि क्लबांची नावं देत नाही. बाकीचं त्याला विचारून लिहितो आहे, कारण आपल्याकडे चर्चा होते ती भारताकडून खेळणाऱ्या मूठभरांची. हंगामामागून हंगाम वेगवेगळ्या गावांत काढून फुटबॉलवर घर चालवणाऱ्यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

परदेशात अशा खेळाडूंचं अप्रूप असतं. उरुग्वेचा सेबास्तियन अब्रेऊ डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या २६व्या क्लबाकडे गेला आणि त्याचा विक्रम गिनेसमध्ये नोंदला गेला. जर्मनीचा गोलकीपर लुट्झ फानेनश्टील फिफाच्या सहाही खंडीय महासंघांत व्यावसायिक फुटबॉल खेळला. अशा कहाण्या वाचताना वाटतं की या माणसांच्या पायालाच भिंगरी असणार. आमच्या लेफ्ट बॅकच्या पायाला भिंगरी नव्हती. जिथं गेला तिथं मुक्काम करायची त्याची तयारी होती. त्याच्याआधी क्लबच गाशा गुंडाळत गेले.

हे अतिशयोक्तीचं वाटेल, म्हणून नुसत्या महाराष्ट्राचा हिशेब मांडतो. महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा नावाजलेला संघ, २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता, २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये (राष्ट्रीय लीगचं पुढचं रूप) दुसरा आला आणि २०१५ मध्ये संपला. त्याच वर्षी पुण्याचाच भारत एफसी आय-लीगचा एकच हंगाम खेळून गेला. डीएसके शिवाजीयन्स आणि मुंबई एफसी २०१७ मध्ये गेले. आयएसएलमधल्या (इंडियन सुपर लीग) एफसी पुणे सिटीनं २०१९ मध्ये गाशा गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. दहा वर्षांच्या आत सहा क्लब. बाहेरही तेच: पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये बंद, गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर. या काळात विशीत असलेल्या मराठी पोराला घराजवळ टिकून खेळायला जागाच उरली नव्हती.

सोलापूर मुळात क्रिकेटचं गाव. पॉली उम्रीगर इथं जन्मले, पार्क स्टेडियमवर पोरं आजही बॅट घेऊनच जातात. फुटबॉल दिसतो तो रेल्वे लाइन्स या वस्तीच्या आसपास. हा मुलगा तिथंच मोठ्या पोरांत घुसून खेळायला लागला. डावखुरा होता, म्हणून त्याला डाव्या कडेला उभं करायचे. पंधराव्या वर्षी पुण्यात एका क्लबच्या चाचणीला गेला आणि निवडला गेला. पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसला बसवायला वडील आले होते. रात्रपाळी संपवून थेट स्टेशनवर, अंगावर सुताची पिंज तशीच. अकादमीत राहणं-खाणं फुकट, शाळा बाहेरून. आईनं डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी एवढी भरली होती की होस्टेलवर महिनाभर पुरली, असं तो अजून सांगतो.

त्या डाव्या पायानंच त्याला पुढं पोसलं, त्यामुळं त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. आपल्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली असते. क्लब त्या जागा कुठं खर्च करतात? पुढं गोल करायला, मध्यात चेंडू राखायला आणि मागं मधोमध उंच बचावपटू म्हणून. कडेचे बॅक बहुतेक भारतीयच असतात. त्यातही डावखुरे थोडे; पुष्कळ संघ उजव्या पायाच्या पोराला डावीकडे ढकलून भागवतात, आणि तो प्रत्येक वेळी चेंडू आत वळवून घेतो. आमचा गडी पळता पळता, चेंडू न थांबवता डाव्यानं क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू, टाकू शकत होता. याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट होती, जी प्रेक्षकांना दिसत नाही पण प्रशिक्षकांना दिसते. उजवीकडून क्रॉस येत असेल तेव्हा लेफ्ट बॅकनं आत सरकून गोलच्या लांबच्या खांबाजवळचा माणूस सांभाळायचा असतो. नव्वदाव्या मिनिटाला, पाय लोळागोळा झालेले असताना तिथं वेळेवर पोचणारे फार कमी. हा पोचायचा. एका प्रशिक्षकानं त्याला स्वतः क्लब बदलताना दोनदा बरोबर नेलं, ते एवढ्या एका कारणासाठी. फिरत्या खेळाडूचं भांडवल हेच असतं: नव्या गावात, नव्या भाषेत, दोन आठवड्यांच्या सरावानंतर उभा केला तरी चूक करणार नाही अशी खात्री. मी त्याला कमी दर्जाचा गुण मानत नाही. सामना जिंकून देणारा एखादाच असतो, पण सामना हातचा जाऊ न देणारे पाच-सहा तरी संघात लागतातच.

मग पैसा का नाही साठला?

पहिला फटका वयाचा. आय-लीगमध्ये काही हंगाम बावीस वर्षांखालचा खेळाडू सुरुवातीच्या अकरात घेण्याची सक्ती होती. हेतू चांगला होता. पण त्यामुळं एकविसाव्या वर्षी ज्याला तीन क्लब विचारत होते, त्याला तेविसाव्या वर्षी फोन येईना. खेळ तोच होता, उलट सुधारलेला. फक्त नियमातली त्याची किंमत संपली होती. त्याच सुमारास पुण्यातलं फुटबॉल आकसत चाललं होतं. त्या उन्हाळ्यात तो नेहरूनगरच्या मैदानावर एकटा पळत होता, सकाळी साडेपाचला, कारण सात वाजल्यानंतर सोलापूरच्या उन्हात पळणं हा खुळेपणा आहे.

दुसरी गोष्ट रेल्वेची, आणि ती मला सगळ्यात जास्त लागते. चोविसाव्या वर्षी त्याला रेल्वेच्या क्रीडा कोट्याच्या चाचणीबद्दल कुणीतरी सांगितलं. नेमका तेव्हाच दूरच्या एका क्लबाचा करार हातात आला आणि त्यानं क्लब निवडला. चोविशीतला कुठलाही खेळाडू तेच करेल, त्यात त्याचा दोष नाही. पण या भरतीची वयोमर्यादा १८ ते २५ आहे आणि खेळाडूंना त्यात सवलत नाही, हे त्याला अकादमीत, क्लबात, घरी, कुणीच सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून तो गेला. पुढच्या वर्षी दार बंद. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथं मान्यताप्राप्त स्पर्धांतली प्रमाणपत्रं आणि त्यांची क्रीडा खात्याकडून पडताळणी लागते. क्लबांच्या करारांची थप्पी तिथं कामाची नाही. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचं ठिकाण. रेल्वेच्या नोकरीचं मोल इथं घराघरांत माहीत आहे. वडिलांच्या मनातून ती गोष्ट अजून गेलेली नाही.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली.

त्याचे बहुतेक करार आठ-नऊ महिन्यांचे. समजा महिन्याला ५०,००० रुपये ठरले आणि करार नऊ महिन्यांचा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगा पन्नास हजार कमावतो. प्रत्यक्षात वर्षाचे ४,५०,००० म्हणजे महिन्याला ३७,५०० पडले. त्यातून आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम १९४ जे खाली १० टक्के टीडीएस, म्हणजे ४५,००० रुपये, आधीच कापलेले. कारण क्लब त्याला कर्मचारी म्हणून पगार देत नाही, व्यावसायिक म्हणून फी देतो. कर्मचारी नाही, म्हणून भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. गंमत बघा, एवढ्या उत्पन्नावर त्याला कर लागतच नाही. सवलतीनंतर तो शून्य होतो. म्हणजे कापलेले सगळे पैसे परत मिळायला हवेत. पण ते मिळतात विवरणपत्र भरणाऱ्याला. उशिरात उशिरा ३१ डिसेंबरपर्यंत ते भरता येतं. त्यापुढं विलंब माफीचा अर्ज करत बसावं लागतं. या खेळाडूनं कित्येक वर्षं विवरणपत्र भरलंच नव्हतं. "सर, टॅक्स कापलाय म्हणजे भरून झालं की ओ," असं तो मला म्हणाला. त्याच्याबरोबरच्या पोरांचीही तीच समजूत होती.

मी २६एएस काढला. ज्यात कुणी किती टीडीएस कापून सरकारकडे भरला ते दिसतं, तो हा तक्ता. जी वर्षं हाताशी होती त्यांचे परतावे मागता येणार होते. एका वर्षाची मात्र रक्कमच नव्हती. त्या क्लबानं खेळाडूच्या पैशातून टीडीएस कापला होता आणि सरकारजमा केला नव्हता. क्लब आता अस्तित्वात नाही. पगाराच्या चिठ्ठ्या होत्या म्हणून निदान कापल्याचा पुरावा उरला. इथं सगळ्या खेळाडूंना हात जोडून सांगतो: दर तिमाहीला टीडीएस कापल्याचं प्रमाणपत्र (तेव्हाचा फॉर्म १६ए) मागा. देत नसतील तर लेखी मागा.

गुडघ्याची गोष्टही याच फाईलमध्ये होती, एमआरआयच्या पाकिटात. सत्ताविसाव्या वर्षी, दोन करारांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत, तो मलबारला सेव्हन्स खेळायला गेला. केरळच्या उत्तर भागात नोव्हेंबर ते मे बांबूच्या तात्पुरत्या गॅलऱ्या उभारून, रात्रीच्या दिव्यांत सात-सात जणांचे सामने होतात. गर्दी तुफान, पैसे सामना संपल्यावर रोख. राष्ट्रीय महासंघाची त्या सामन्यांना मान्यता नाही. मैदान कडक, टॅकल त्याहून कडक. त्याचा डावा गुडघा तिथं फिरला. लिगामेंट पूर्ण तुटलं नव्हतं हे नशीब, पण हंगामाचा अर्धा भाग गेला. त्या वेळी कुठल्याच क्लबाशी करार नसल्यामुळं उपचारांचा खर्च आईनं विड्या वळून केलेल्या बचतीतून आणि वडिलांच्या सोसायटीच्या कर्जातून झाला. त्याला सेव्हन्सला जाऊ नको म्हणणं सोपं आहे. चार महिने उत्पन्न शून्य असलेल्या माणसाला ते सांगायला तोंड लागतं.

तर मे २०२४ मधले तीन प्रस्ताव. पहिला, परराज्यातल्या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबाचा, सप्टेंबर ते मे. दुसरा, कोल्हापूरच्या एका तालीम मंडळाचा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांचे संघ खेळतात तेव्हा जी गर्दी लोटते ती कित्येक व्यावसायिक सामन्यांना नसते, बाहेरच्या खेळाडूंनाही मान मिळतो. पण पैसा हंगामापुरता आणि बराचसा शब्दावर. तिसरा, जुळे सोलापुरातल्या एका शाळेचा: फुटबॉल प्रशिक्षक, मानधन बेताचं पण बाराही महिने. अट एकच, कोचिंग लायसन्स हवं. ते त्याच्याकडे नव्हतं.

बैठक माझ्या ऑफिसात झाली. तो, त्याची बायको आणि वडील.

"आप्पा, अजून दोन वर्षं आहेत माझ्यात," तो म्हणाला.

"पाय सांगायला का तुझे, का तूच सांगायलास?" आप्पांनी विचारलं.

बायको बराच वेळ गप्प होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, यांनी खेळू नये असं माझं म्हणणं नाही. घरी असतात तेव्हा चिडचिड करतात, तिकडं असले की फोनवर हसून बोलतात. फक्त जून-जुलैमध्ये शाळेची फी भरायची असते, आणि नेमके तेव्हाच पैसे नसतात. तेवढं बघा."

प्रकरणाचं मर्म तिनं बरोबर पकडलं होतं. एकूण मिळकत इतकी वाईट नव्हती. मारत होते ते रिकामे महिने. त्या महिन्यांनीच त्याला सेव्हन्सला नेलं आणि पहिला येईल तो करार न वाचता सही करायला लावलं. म्हणून माझं मत असं पडलं की खेळणं सोडायचं की नाही हा प्रश्न आत्ता नकोच. आधी रिकामे महिने भरायचे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा (एआयएफएफ) डी लायसन्सचा कोर्स सहा दिवसांचा असतो. तो जुलैमध्ये करायचा. क्लबाचा करार घ्यायचा, पण वाचून. शाळेला सांगायचं की जून २०२५ पासून येतो. शाळेच्या संचालकांनी थांबायची तयारी दाखवली, हे त्यांचं मोठेपण.

कराराचा मसुदा आम्ही ओळीओळीनं वाचला. पानांमागून पानं खेळाडूनं काय करू नये याची: परवानगीशिवाय दुसरीकडे खेळू नये, मुलाखत देऊ नये, वजन वाढू देऊ नये. क्लबानं काय करावं ते दीड पानात. पैसे 'दरमहा' मिळतील एवढंच, तारीख नाही. दुखापत झाली तर उपचार 'क्लबच्या धोरणानुसार', आणि ते धोरण कुठंही जोडलेलं नाही. आम्ही दोन बदल मागितले. पैसे पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत बँकेत जमा व्हावेत, आणि सामन्यात वा सरावात झालेल्या दुखापतीचा खर्च खेळाडू बरा होईपर्यंत क्लबानं करावा, मग करार संपलेला असो. मॅनेजरचं म्हणणं, करार सगळ्यांना सारखाच आहे, बदल होत नाही. एकतीस वर्षांच्या लेफ्ट बॅकच्या हातात ताणायला दोरी फार नसते, हे आम्हालाही कळत होतं. शेवटी तारीख मान्य झाली. दुखापतीचं कलम करार संपल्यानंतर तीन महिन्यांपर्यंत, एवढ्यावर मिटलं. सही त्यानं त्यानंतर केली.

हंगाम कसा गेला? पहिल्या टप्प्यात नियमित खेळला. डिसेंबरनंतर एक विशीतला पोरगा आला आणि हा बाकावर बसायला लागला, शेवटच्या वीस मिनिटांत आघाडी राखायला उतरायचा. त्यानं ते मनाला लावून घेतलं नाही, उलट त्या पोराला लांबच्या खांबाचं काम तोच शिकवत होता.

फेब्रुवारीत पगार थकला. दोन महिने झाले. संघातले सगळे मॅनेजरला व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवत होते आणि उत्तरात हात जोडल्याचं चित्र येत होतं. फिफाच्या खेळाडू-हस्तांतरण नियमावलीत २०१८ पासून एक कलम आहे, १४ बीआयएस. दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडूनं लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत द्यायची. तरी पैसे आले नाहीत तर योग्य कारणासाठी करार मोडता येतो. देशातल्या वादासाठी एआयएफएफची खेळाडू दर्जा समिती आहे. मी त्याला फोनवर सांगितलं, निरोप बंद, आता ईमेल. चार ओळी: कोणते दोन महिने, किती रक्कम, करारातलं तारखेचं कलम कोणतं, आणि आजपासून पंधरा दिवस. तारीख करारात लिहून घेतली होती म्हणूनच 'थकला' हे ठाम म्हणता आलं. पाठवायच्या आधी त्यानं विचारलं, "सर, पुढच्या वर्षी कुणी घेणार नाही ओ मला, भांडखोर म्हणतील." ही भीती खोटी नाही. या धंद्यात तोंडी नाव फार लवकर फिरतं. त्यानं रात्रभर विचार केला आणि सकाळी पाठवला. मुदतीच्या आत एका महिन्याचे पैसे आले, उरलेले पुढच्या आठवड्यात. संघातल्या आणखी तिघांनी तोच मजकूर आपापल्या नावानं पाठवला.

मे २०२५ मध्ये तो सिद्धेश्वरच्या गावी, सोलापूरला परतला. ११ जुलैला आयएसएलचा पुढचा हंगाम थांबवल्याचं क्लबांना कळवण्यात आलं. महासंघाचा २०१० मध्ये झालेला पंधरा वर्षांचा व्यावसायिक करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. ऑगस्टपर्यंत वरच्या श्रेणीतल्या काही क्लबांनीही पगार थांबवले. एरवी आयएसएल खेळणारे लेफ्ट बॅक काम शोधायला लागले, तिथं बत्तीस वर्षांच्या याला कोण विचारणार? त्याच्या जुन्या सोबत्यांपैकी काहींनी तो पावसाळा फोनची वाट बघत काढला. त्यांची अवस्था ऐकून जीव तुटतो; एकेकाची दहा-बारा वर्षं या खेळात गेलेली आहेत आणि हाती दुसरं काही नाही.

आमचा गडी तोवर शाळेत रुजू झाला होता. जूनची फी वेळेवर भरली. दोन वर्षांचे टीडीएस परतावे आले, त्यातून आप्पांचं सोसायटीचं कर्ज फेडलं. जुन्या एका वर्षाचा विलंब माफीचा अर्ज अजून प्रलंबित आहे. न भरलेल्या टीडीएसचं काही होईल असं मला वाटत नाही. सी लायसन्ससाठी तो पैसे बाजूला टाकतो आहे. आणि कोल्हापूरच्या मंडळाचा पुन्हा फोन आला आहे. बोलणी चालू आहेत, या वेळी अट त्यानं घातली आहे: शनिवार-रविवारचे सामने खेळेन, सोमवारी सकाळी शाळेत हजर असणार, आणि ठरलेली रक्कम कागदावर.